१७ वर्षांची ट्रॅक स्प्रिंटर: गिअर वाढवायचा का, आणि टीम स्प्रिंटमध्ये तिची जागा कोणती?

सरळरेषा:

नमस्कार मंडळी. क्लबातल्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दोन हंगामांची आखणी चालू आहे. आकडे आधीच देतो, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत.

उंची १६८ सेंमी, वजन ६३ किलो. ट्रॅक २५० मीटरचा, लाकडी. फ्लाइंग २०० मीटर (आधीच वेगात येऊन शेवटच्या २०० मीटरची वेळ) ११.८४ सेकंद, त्यात पहिले १०० मीटर ५.७८ आणि दुसरे ६.०६. गेटमधून (उभ्या स्टार्टला मागचं चाक धरून ठेवणारं यंत्र) ५०० मीटर ३६.८ सेकंद, पहिली फेरी २१.३ आणि दुसरी १५.५. दोन्हीकडे गिअर ५२×१४ (पुढे ५२ दाते, मागे १४), क्रँक १६५ मिमी. रोलर्सवर मोकळे पाय १८५ आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरतात. बॅक स्क्वॉट ७० किलो, ५ रेप्स, फॉर्म न बिघडता. आठवड्यात तीनदा ट्रॅक, दोनदा जिम.

सगळ्यांचं म्हणणं एकच: हल्ली सगळे मोठे गिअर लावतात, हिलाही ५८×१४ लावा, वेळ आपोआप खाली येईल. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला नेमकं कारणही हाताशी नाही. शिवाय टीम स्प्रिंटमध्ये (संघाची शर्यत, दर फेरीनंतर पुढची बाजूला होते) तिला पहिली ठेवावी की मागे, आणि ज्युनिअर संपल्यावर पुढे काय, यावरही मत हवं आहे.

---

कॉग_१४:

गणित करून बघा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

चाकाचा घेर २.०९ मीटर धरू. ५२×१४ म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात ७.७६ मीटर. ११.८४ चा सरासरी वेग ताशी ६०.८ किमी, म्हणजे सुमारे १३० आरपीएम. ५४×१४ ला एका फेऱ्यात ८.०६ मीटर, त्याच वेगाला १२६. ५६×१४ ला ८.३६ मीटर आणि १२१. ५८×१४ ला ८.६६ मीटर आणि जेमतेम ११७.

म्हणजे ५८ लावून तीच वेळ काढायची तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे १२ टक्के जास्त जोर लावावा लागणार. तो जोर यायचा कुठून? ७० किलोच्या स्क्वॉटमधून तरी नाही. एलिट मुली मोठे गिअर ओढतात तेव्हा त्यांचा वेगही ताशी ७० च्या आसपास असतो, म्हणून त्यांचा कॅडन्स (पाय फिरण्याचा वेग) फार खाली जात नाही. गिअरचा आकडा वेगाशिवाय वाचला की असा घोटाळा होतो.

रोलर्सवरचे १८५ हे चांगलं लक्षण आहे. वेगात पाय फिरवण्याची मर्यादा अजून दूर आहे, त्यामुळे ५२ वर आणखी काम करायला भरपूर वाव आहे. मी सरावाला ५० आणि ५२ ठेवेन, आणि फ्लाइंग २०० च्या चाचणीला फक्त ५४ लावून बघेन. ५४ वर ११.२ आली तर कॅडन्स १३३ होतो. त्या घडीला ५६ चा विचार करा, आधी नको.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. गिअर बदलून वेळ सुधारली की दोन १०० मीटरचे स्प्लिट वेगळे बघा. पहिला सुधारला आणि दुसरा बिघडला असेल तर ती सुधारणा नव्हे, उधारी आहे. मॅच स्प्रिंटमध्ये (समोरासमोरच्या लढतीत) शेवटच्या वळणाला ती फेडावी लागते.

---

काळी_रेषा:

गिअरआधी लाइन बघा हो. ५.७८ आणि ६.०६ म्हणजे दुसऱ्या शंभरात ०.२८ गेले. शेवटचे शंभर नेहमीच थोडे हळू असतात, पण एवढा फरक बहुधा जंप (उभं राहून मारलेला झटका) लवकर मारल्याचा असतो. गिअरला दोष नंतर द्या.

२५० च्या ट्रॅकवर फ्लाइंगला साडेतीन फेऱ्या मिळतात, त्यातले फक्त शेवटचे २०० मीटर घड्याळात. म्हणजे ६७५ मीटर तयारीला. मुलं तिथेच दमतात. सुरुवातीला ३५–४० च्या वेगाने वर चढायचं, कठड्यालगत राहायचं, वेग हळूहळू वाढवायचा, आणि तोही खोगिरावर बसून. उभं राहून मारायचा खरा जोर शेवटच्या तयारीच्या फेरीत तिसऱ्या-चौथ्या वळणापासून. होम स्ट्रेटवर (अंतिम रेषेच्या सरळ बाजूला) अजून वरच, आणि पहिल्या वळणात शिरताना खाली झेप. २०० ची रेषा अंतिम रेषेच्या ५० मीटर पुढे, म्हणजे वळणातच असते. तिथे पोहोचेपर्यंत चाक काळ्या रेषेला (सर्वात आतली, अंतर मोजायची) लागलेलं हवं.

उंची फुकटची आहे. वळणात सुमारे ४ मीटर उंची उतरताना ५४ च्या वेगात कागदावर ताशी ८–९ किमीची भर पडते. हवेचा रोध त्यातला काही खातो, तरी उरतं ते पुष्कळ. जी मुलगी होम स्ट्रेटवरच अर्धी खाली आली ती ही भर टाकून देते आणि पायांनी भरून काढायला जाते. उलट फार उशिरा उतरली तर रेषा ओलांडताना चाक लाल रेषेच्या (काळीच्या वरची) वर असतं, त्यामुळे अंतर वाढतं आणि पहिल्या शंभरातच वेळ जाते.

तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या बाहेरून फोन स्थिर ठेवून व्हिडिओ घ्या. तीन गोष्टी बघा: उभी कुठे राहिली, बसली कुठे, खाली उतरायला सुरुवात कुठे केली. २०० च्या रेषेवर ती अजून उभीच असेल तर जंप उशिरा झाली. रेषेच्या ६०–७० मीटर आधीच बसून पाय ओढत असेल तर लवकर.

---

सरळरेषा:

@काळी_रेषा, जुना व्हिडिओ आत्ता बघितला. बॅक स्ट्रेटच्या (समोरच्या सरळ बाजूच्या) मध्यावरच उभी राहते आहे, आणि होम स्ट्रेटवर निळ्या रेषेच्या (लालच्या वरची) आसपास आलेली आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

@कॉग_१४, ५४ ची चेनरिंग आहे. चेन तीच चालेल ना?

---

कॉग_१४:

बहुतेक चालेल. चेनरिंगला एक दात वाढला की मागचा अॅक्सल ३ मिमीच्या आसपास पुढे येतो, दोन दातांना ६ मिमी. खाचेत तेवढी जागा आहे का बघा. अॅक्सल खाचेच्या अगदी आतल्या टोकाला टेकला तर चेनला एक पूर्ण लिंक वाढवा.

ताण देताना क्रँक पूर्ण फेरा फिरवून सर्वात घट्ट जागा शोधा. चेनरिंग कधीच अगदी गोल नसते. त्या जागी चेन मध्यावर बोटाने किंचित हलली पाहिजे. घट्ट जागी तंग आणि सैल जागी लोंबती दिसली तर चेनरिंगचे बोल्ट ढिले करून ती मध्यावर बसवा. नट आवळण्याआधी वॉशरचे दाते आणि फ्रेमची खाच पुसून घ्या. स्टार्टला अॅक्सल सरकतो तो बहुतेक तिथल्या तेला-मळामुळेच. आणि चाक उजव्या बाजूने सरकलं की टायर डाव्या चेनस्टेला घासतं, हे गेटमधून सुटल्यावर कळून उपयोग नाही.

---

लोखंड:

जिमबद्दल. ६३ किलोच्या मुलीला ७० × ५ ही सुरुवात आहे, आणि सगळ्यात मोठी सुधारणा इथेच दडलेली आहे. पण १७ व्या वर्षी एक रेपची कमाल चाचणी घेऊ नका. ५ रेप्सच्या वजनावरून अंदाज पुरेसा येतो.

आठवड्यात दोन सत्रं ठेवा. एकात स्क्वॉट ४ × ५, रोमानियन डेडलिफ्ट ३ × ६, एका पायाचा स्प्लिट स्क्वॉट प्रत्येकी ३ × ६. दुसऱ्यात वजन हलकं आणि वेग जास्त: बॉक्स जंप ४ × ३, स्क्वॉट ४ × ३ पण बार झपकन वर गेला पाहिजे, आणि पोट-कंबरेचं काम. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाले असते अशी स्थिती हवी. सगळे सेट स्वच्छ निघाले की २.५ किलो वाढवा. खाली बसताना कंबर गोल होत असेल तर वजन तिथेच थांबवा. स्प्रिंटरची पाठ स्टार्टमध्ये जाते असं सगळे म्हणतात, पण तिची सुरुवात बहुधा जिममध्ये झालेली असते.

जड सत्र आणि वेळेची ट्रॅक चाचणी यांत किमान ४८ तास. हे न पाळल्यामुळेच अर्धे लोक 'जिममुळे पाय जड झाले' म्हणतात.

ट्रॅकवरची चूक बहुतेक ठिकाणी विश्रांतीची असते. फ्लाइंग २०० चे तीन प्रयत्न, मध्ये १५–२० मिनिटं. गेटमधून १२५ मीटर चार ते सहा, मध्ये ८–१० मिनिटं. वेळ पहिल्या प्रयत्नापेक्षा ३ टक्क्यांनी घसरली की सत्र बंद, मग यादीत काहीही उरलेलं असो. स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन भरून यायला मिनिटं लागतात. दोन मिनिटांनी पुन्हा सोडलं तर तुम्ही वेगाचा सराव घेत नाही, थकव्याचा घेता. थकव्याचंही सत्र असतं, पण ते वेगळं, ठरवून.

वजन दोन-तीन किलो वाढलं तर घाबरू नका. सपाट ट्रॅकवर वेगात असताना हवा कापायची असते, तिथे किलोपेक्षा छातीची रुंदी आणि डोक्याची जागा जास्त महाग पडते. कमी खाऊन वजन धरून ठेवणाऱ्या मुलींची पाळी बंद होते, मग हाडं कमकुवत होतात. तीन महिने पाळी आली नाही तर सराव आहे म्हणून असेल असं म्हणत बसू नका, डॉक्टर गाठा.

---

अर्धी_फेरी:

टीम स्प्रिंटचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

११.८४ चा वेग पूर्ण फेरीला लावला तर १४.८ येतात. तिची ५०० मधली दुसरी फेरी १५.५ आहे. म्हणजे उभ्या स्टार्टनंतर, दमलेल्या पायांनी, ती स्वतःच्या कमाल वेगापेक्षा फेरीमागे फक्त ०.७ सेकंद मागे आहे. हे उत्तम आहे. २१.३ ची पहिली फेरी त्या मानाने मागे पडते. अशी मुलगी आज पहिल्या जागेची नाही. दुसरी किंवा तिसरी.

आणि तिसरी जागा हलकी समजू नका. महिलांची टीम स्प्रिंट लंडन २०१२ ला ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा दोघींची, दोन फेऱ्यांची होती. पॅरिस २०२४ पासून तिघींची, तीन फेऱ्यांची. एलिट महिलांची टाइम ट्रायलही २०२५ पासून ५०० ऐवजी १००० मीटर झाली. 'मुलींना फक्त स्फोटक सुरुवात हवी' हा सल्ला ज्या नियमांवर उभा होता ते नियमच गेले. वेग टिकवू शकणाऱ्या मुलीला आज जागा आहे, पूर्वी नव्हती.

पुरुषांचा ४०.९४९ चा निकाल आठवा, पॅरिसचा, नेदरलँड्सचा. पहिला व्हान डेन बर्ग, दुसरा लाव्हरेसेन, तिसरा होगलँड. हाच होगलँड २०२३ मध्ये आगवासकालिएंतेसला एक किलोमीटर ५५.४३३ मध्ये गेला. तिसऱ्या जागेला काय लागतं ते यावरून कळतं.

चाचणी अशी घ्या. मोटरसायकलमागे किंवा दोघींच्या मागे दोन फेऱ्या, दुसरी फेरी तिच्या कमाल वेगाच्या जवळ, मग पुढचे बाजूला आणि शेवटची फेरी एकटीने. ती फेरी १५.५ च्या आत राहिली तर तिसरी जागा पक्की करा. नाही राहिली, पण पहिलीच्या चाकाला सहज चिकटून दुसरी फेरी वेगात काढते, तर दुसरी.

मागच्या जागेवर सगळ्यात जास्त चुकतं ते अंतर. गेट फक्त पहिलीला, बाकीच्यांना माणूस धरतो. सुटल्यावर दुसरीने चाकाला चिकटायचं नाही, मीटर-दीड मीटर मोकळं ठेवायचं आणि फेरीच्या शेवटच्या वळणात वेग वाढवत ते भरायचं. पहिली वर सरकते त्याच क्षणी दुसरी धावत्या वेगाने रेषा ओलांडते. चिकटून राहिलीत तर फिक्स्ड गिअरवर (पाय थांबवता येत नाहीत असा) ब्रेक नाही, मग पाय मागे दाबावे लागतात किंवा वर जावं लागतं. दोन्हींत फेरी गेली. पहिली रेषेआधी बाजूला झाली, तर वेळ कितीही चांगली असो, संघ खाली टाकला जातो. त्यामुळे अदलाबदल अर्ध्या वेगात पाठ करून घ्या, मगच पूर्ण वेगात.

तरीही स्टार्टचा सराव सोडू नका. २१.३ मधले किमान काही दशांश निव्वळ तंत्राचे असतील. पुढचा पेडल आडव्याच्या थोडा वर, उलटी मोजणी संपत येताना नितंब मागे, आणि शून्याला कंबर पुढे फेकत पाय खाली. आधी दाबलं तर गेटने चाक धरलेलं असतं, जोर वाया जातो आणि सुटताना शरीर मागे पडलेलं असतं. हात वाकवून हँडल ओढणं आणि घाईने बसणं या आणखी दोन खोडी. बॅक स्ट्रेट लागेपर्यंत उभी राहू द्या. क्लिपलेस पेडलवर वरून पट्टाही बांधा. स्टार्टला मागचा पाय वर ओढताना क्लीट सुटला की खांद्याचं हाड जातं.

---

सरळरेषा:

@अर्धी_फेरी, १४.८ विरुद्ध १५.५ हे असं कधी मांडून बघितलंच नव्हतं. मग ज्युनिअरनंतरचं कोणी सांगेल का? पालक विचारतात, आणि मोघम उत्तर द्यायचं नाही.

---

कठडा:

पालकांना आधी हे सांगा की ज्युनिअर गट १७ आणि १८ वर्षांचा. १९ व्या वर्षी ती थेट एलिट. ट्रॅकवर २३ वर्षांखालील गटाची वेगळी जागतिक स्पर्धा नाही. त्यामुळे १९–२० मध्ये क्रमांक धाडकन खाली जातो, वेळ सुधारलेली असतानाही. या दोन वर्षांत क्रमांक बघून निर्णय घेणारे चांगल्या मुली गमावतात. वही ठेवा: फ्लाइंग २००, १२५ मीटर स्टार्ट, तिसऱ्या फेरीची चाचणी, पाच रेप्सचा स्क्वॉट. हे चार आकडे वर्षभरात पुढे सरकतायत तोवर गाडी रुळावर आहे.

वयाची भीती अनाठायी आहे. कॅनडाची केल्सी मिचेल फुटबॉल खेळायची. २०१७ मध्ये एका निवड चाचणीतून सायकलिंगला आली आणि टोकियोत, २०२१ मध्ये, २७ व्या वर्षी स्प्रिंटचं ऑलिंपिक सुवर्ण. उलट टोक एमा फिनुकेनचं: वीस वर्षांची असताना २०२३ मध्ये स्प्रिंटची जगज्जेती. मधल्या कुठल्याही वयात माणूस येऊ शकतो. तुमच्या मुलीसाठी मला जास्त जवळचं वाटतं ते न्यूझीलंडच्या एलेस अँड्र्यूजचं उदाहरण. ज्युनिअर वयात ती पर्सूटमध्ये (लांब अंतराची वेळेची शर्यत) होती, आणि पॅरिसला स्प्रिंट आणि कीरिन (मोटरसायकलमागून सुरू होणारी गटाची स्प्रिंट) दोन्ही सुवर्णं तिची. म्हणून हळू, ६०–९० मिनिटांची आठवड्यातली एक राइड 'स्प्रिंटरला कशाला' म्हणून काढून टाकू नका. एका दिवसात चार-पाच मॅच खेळायच्या असतात, तिथे दोन लढतींमध्ये सावरणं हेच हत्यार.

एकाच स्पर्धेवर करिअर बांधू नका. अॅना मेअर्सने अथेन्स २००४ ला ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि ती स्पर्धाच ऑलिंपिकमधून गेली. ती मॅच स्प्रिंटकडे वळली. २००८ च्या जानेवारीत मान मोडली, तरी त्याच वर्षी बीजिंगला रौप्य, लंडनला सुवर्ण. वळता आलं ते स्टार्ट आणि वेग दोन्ही पक्के होते म्हणून.

ऑलिंपिकचं गणित पालकांना कडू वाटेल, पण सांगा. पॅरिसला टीम स्प्रिंटमध्ये आठ देश होते, आणि पात्र ठरलेल्या देशाला स्प्रिंट आणि कीरिनच्या प्रत्येकी दोन जागा त्यातूनच मिळाल्या. एकटीने आत शिरायची वाट अरुंद आहे. म्हणजे हिचं भवितव्य आणखी दोन मुलींवर आहे. क्लबात चार-पाच जणी तयार करा, हिला एकटीला सगळा वेळ देऊ नका. हा स्वार्थाचाच सल्ला आहे.

---

काळी_रेषा:

कीरिन कोणी बोललंच नाही. आत्तापासून खेळवा, निकालासाठी नको, गर्दीची सवय व्हावी म्हणून. मोटर तीन फेऱ्या उरल्या असताना बाजूला होते, तोवर वेग बराच वाढलेला असतो, त्यामुळे मॅच स्प्रिंटपेक्षा थोडा मोठा गिअर चालतो. तिथे तुमचं ५४ आधी वापरा. मॅच स्प्रिंटला ५२ च राहू द्या. ३० च्या वेगातून झटका मारायचा तर लहान गिअर जिंकतो. आणि कमी वेगात बँकिंगवर वर राहायला शिकवा. ४२ अंशांच्या वळणात ताशी ३० च्या खाली गेलात की टायर घसरतं, आणि पडताना लाकडाच्या काड्या कातडीत शिरतात. हेल्मेट एकदा आपटलं की बदलायचं, वरून धडधाकट दिसलं तरी.

---

लोखंड:

एक राहिलं. राष्ट्रीय पातळीवर नाव आलं की डोपिंग चाचणीच्या यादीत नाव येऊ शकतं. मग रोज ६० मिनिटांची एक वेळ आणि जागा कळवावी लागते, आणि १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की नियमभंग, पदार्थ घेतला नसला तरी. वय कमी म्हणून सूट नाही. वसतिगृह बदललं, परीक्षेला गावी गेली, तर त्याच दिवशी नोंद बदलायची सवय लावा. सप्लिमेंटचा डबा कोणी भेट दिला तर आधी बॅच तपासलेली आहे का बघा. दम्याचा पंप असेल तर परवानगीचे कागद लागतात का ते आत्ताच डॉक्टरांना विचारून ठेवा.

---

सरळरेषा:

पुढच्या चार आठवड्यांसाठी असं ठरवलंय: गिअर ५२ च, जंप तिसऱ्या वळणापासून, होम स्ट्रेटवर कठडा सोडायचा नाही. पाचव्या आठवड्यात एकाच दिवशी ५२ आणि ५४ वर एकेक फ्लाइंग, मध्ये २० मिनिटं. तिसऱ्या फेरीची चाचणी वेगळ्या दिवशी. काही चुकतंय का?

---

कॉग_१४:

५२ आधी आणि ५४ नंतर घेतलंत तर ५४ दमलेल्या पायांवर येईल, आणि निकाल ५२ च्या बाजूने झुकेल. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा करून पुन्हा घ्या. टायरचा दाब दोन्ही दिवशी तोच ठेवा. बाकी ठीक.